बिनवासाची बाटली

मगदूम मॅडम दिसायच्या आधी त्यांचा वास यायचा. खवट लोण्याचा. लोण्याचा गोळा फडताळात आठवडाभर विसरावा आणि मग कुणीतरी झाकण काढावं, तसा. आमच्या जीवरसायन विभागाच्या जिन्यात तो वास असला की मॅडम आल्यात का, हे कुणाला विचारावं लागत नसे. कुणी बाहेरचा माणूस विचारायला आलाच तर शिपाई शिवामामा त्यालाच झापायचे, "वर हाईत की. नाक न्हाय काय तुमाला, पावणं?"

मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला आले तेव्हा घाटाखालून, गगनबावड्यामार्गे एसटीने आले होते. प्रयोगशाळेच्या दारातच मी पदर नाकाला लावला. मॅडमनी ते पाहिलं. पाच फुटांच्या आतली उंची, सुती साडीवर पांढरा एप्रन, मनगटावर वडिलांचं मोठं पुरुषी घड्याळ. म्हणाल्या, "पदर काढ. दोन महिन्यांत तुझ्याबी अंगाला लागंल. मग दुसऱ्यांनी पदर लावायचा."

त्यांचं नाव अक्काताई. शिरोळ तालुक्यातल्या ऊसवाल्या घरातल्या. परदेशात चार वर्षं काम करून आल्या होत्या, पण बोलणं गावचंच ठेवलं होतं, आणि कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं "मी आलो, मी बघतो" असंच बोलायच्या. मला ते सुरुवातीला फार विचित्र वाटे. मला त्या कधी नावाने हाक मारत नसत. "ए कोकण!" एवढंच. सहा वर्षांत माझं वृंदा हे नाव त्यांनी फक्त फॉर्मवर लिहिलं.

वासाचं मूळ सोडियम ब्युटिरेट नावाच्या पांढऱ्या भुकटीत होतं. मॅडम उसाच्या पेशींमधल्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर काम करत. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलाच्या खणातून शिवणाचं रीळ काढलं.

"ह्यो दोरा म्हंजे डीएनए, ह्ये रीळ म्हंजे हिस्टोन. रिळाला ॲसिटिलचा ठिपका लागला की दोरा सैल पडतोय. सैल पडला की पेशीला वाचता येतोय. ठिपका पुसला की परत आवळ. कळलं काय? न्हाय कळलं तर न्हाय म्हण, उगं मान हलवू नको."

ऊस कुटला, की पेशीतलीच काही एन्झाइमं सुटतात आणि ते ठिपके भराभर पुसून टाकतात. ब्युटिरेट त्यांना आवरून धरतं. म्हणून कुटायच्या द्रावणात ते आधी घालायचं, हा मॅडमचा पहिला आणि शेवटचा नियम. पुढे त्याच द्रावणात आम्ल पडलं की वास असा उसळायचा की पलीकडच्या वर्गाच्या खिडक्या धडाधड लागायच्या.

त्या वासाने मॅडमना हळूहळू एकटं पाडलं होतं. सिटी बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी राही. बाया उभ्या राहत, पण बसत नसत. स्टाफरूममध्ये कधीतरी कुणीतरी त्यांची खुर्ची उचलून खिडकीशी नेऊन ठेवली. भांडण नाही, बोलणं नाही, नुसती खुर्ची सरकलेली. मॅडम एक दिवस तिथे बसून जेवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून डबा आपल्या टेबलावरच उघडू लागल्या. भाकरी, पिठलं, खर्डा. मी समोर बसले तर म्हणायच्या, "जा की तुझ्या वयाच्या पोरींत. हितं काय, म्हातारीचं तोंड बघत बसतीस." मी गेले नाही तर मात्र अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवायच्या.

त्यांची राहती खोलीही मी पाहिली होती. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर पुस्तकांचा गठ्ठा, आणि त्यावरची धूळ सांगत होती की तो गठ्ठा बरेच महिने हललेला नाही.

बाई खडूस मात्र नव्हत्या. ब्लॉटिंगमध्ये प्रथिनं जेलमधून विजेने ओढून तळहाताएवढ्या पांढऱ्या पडद्यावर उतरवतात. पुढे त्यावर नेमकं हवं ते प्रथिन ओळखणारं प्रतिपिंड सोडायचं असतं. ते जिथे बसेल तिथे नंतर फोटोच्या फिल्मवर काळी रेघ उमटते, आणि ते भलत्याच जागी चिकटू नये म्हणून पडदा आधी दुधाच्या भुकटीच्या पाण्यात बुडवून ठेवतात. साय काढलेल्या दुधाची भुकटी, पाकिटातली. हे शिवामामांच्या जिवाला फार लागलं. त्यांच्या घरी दोन म्हशी. "कोल्हापुरात ऱ्हाऊन पावडरीचं दूध? कुणाला सांगू नगासा मॅडम, गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय." एका सकाळी पावडर संपली आणि ते किटलीतून नुकतंच काढलेलं, फेसाळ दूध घेऊन हजर झाले. मी नको म्हणणार होते, पण मॅडम म्हणाल्या, "एवढ्या हौसनं आणलंय. एक पडदा जाऊ दे की." पडदा दुधात बुडाला. दुसऱ्या दिवशी फिल्मवर नुसते ढग उठले होते. एक रेघ दिसेल तर शपथ. सगळं त्या म्हशीच्या सायीने खाल्लं. मॅडमनी ती फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली, खाली मार्करने "शिवामामांच्या म्हशी" असं लिहिलं, आणि मामांना बोलावून दाखवली. मामा पुढे आल्यागेल्याला अभिमानाने दाखवत.

आमचं फिल्म धुणं अंधाऱ्या खोलीत चाले. लाल दिवा, दोघींपुरती जागा, आणि फिल्मवर काही उमटेपर्यंतची वाट. मॅडम मनातलं बोलायच्या त्या फक्त तिथे. तोंड दिसत नसलं की त्यांना सोपं जात असावं. तिथेच मला कळलं की हे सगळं कशासाठी चाललंय.

त्यांच्या शेतात कृष्णेचं पाणी वरचेवर चढायचं. एकदा पुरात आठवडाभर बुडून वाचलेला ऊस, पुढच्या पुरात, न बुडालेल्या उसापेक्षा तग धरतो, असं त्यांचे वडील म्हणायचे. "आप्पा म्हणायचं, ह्यो पाणी बघितल्याला ऊस हाय, ह्यो पडायचा न्हाय. सगळी हसायची. मी न्हाय हसलो. मला वाटायचं, उसाच्या ध्यानात ऱ्हात असंल तर कुटं ऱ्हात असंल?" रिळावरच्या ठिपक्यांत राहत असेल, हा त्यांचा तर्क. आप्पा जाऊन वीस वर्षं झाली होती आणि त्यांची लेक अजून त्या वाक्याच्या मागे होती.

आणि एका दुपारी ते उमटलं. पाणी पाहिलेल्या उसाची ॲसिटिलची रेघ काळी कुळकुळीत, पाणी न पाहिलेल्याची फिकी. शेजारी एकूण हिस्टोनची रेघ दोन्हीकडे अगदी सारखी, म्हणजे माप चुकलेलं नाही. मॅडमनी लाल दिव्यात फिल्म धरली आणि डोळ्यांशी नेली. मग म्हणाल्या, "आप्पा, बघा." मी शेजारी उभी आहे हे त्या विसरल्या होत्या.

चार वेळा ब्लॉट लावला, चारही वेळा तेच. शोधनिबंध छापून आला. त्यांच्या नावाशेजारी माझं नाव. त्यांच्या गावात सत्कार झाला, शाल-नारळ झाला, आणि त्यांच्या भावासकट दहा-बारा जणांनी पुरातून वाचलेला ऊस पुढच्या लागणीला, बेण्यासाठी राखून ठेवला. मला एका महाविद्यालयाचं मुलाखतीचं पत्र आलं. स्टाफरूममधून कुणीतरी पेढे घेऊन मॅडमच्या टेबलापर्यंत आलं आणि चक्क दोन मिनिटं थांबलं; स्टाफरूममधली त्यांची खुर्चीही परत टेबलाशी आली.

पुढच्या हंगामात मी नवा ऊस घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, आणि पाणी न पाहिलेल्या उसाची रेघही काळी आली. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मी घाबरत फिल्म मॅडमपुढे ठेवली. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ह्ये नमुने तू कुटलंस. मागचं कुणी कुटल्यालं?"

"तुम्हीच, मॅडम. पाणी पाहिलेल्याचे आधीच झाले होते, न पाहिलेल्याचे सगळे तुम्ही एका दिवसात केले होते."

चार वेळा ब्लॉट लावला होता खरा, पण चारही वेळा त्या एकाच दिवशी कुटलेल्या नमुन्यांवर. हे तेव्हा आम्हा दोघींनाही खटकलं नव्हतं.

मॅडमना काही टाकवत नसे. उरलेलं द्रावणसुद्धा त्या छोट्या बाटल्यांत भरून, तारीख घालून गोठवून ठेवायच्या. आम्ही त्यांच्या मागे त्यावरून चेष्टा करायचो. त्या उठल्या, फ्रीझरमधून त्या दिवसाची बाटली शोधून काढली, हातात धरून वितळवली, तिच्यात आम्लाचे दोन थेंब टाकले आणि नाकाशी नेली. मग मला दिली.

कसलाच वास नव्हता.

"वहीत टिक हाय," त्या म्हणाल्या. वही उघडून त्यांनी दाखवली. ब्युटिरेटसमोर त्यांच्याच हातची बरोबरची खूण. "यादी लिवतानाच टिक करायची माझी खोड. आन घालायचं ऱ्हाऊन गेलं. ठिपकं पुसलं गेलं, म्हणून रेघ फिकी."

त्यांचं आणि विसरणं? मला पटेना. मग त्यांनी सांगितलं, आणि ह्या वेळी खोलीत लख्ख उजेड होता. त्या दिवशी दुपारी त्यांच्या पुतणीची हळद होती. आठवडाभर आधी भावजयीने फोनवर सांगितलं होतं, "अक्का, येताना त्यो वास तेवढा घिऊन येऊ नगा. पावणं येणार हाईत." म्हणून आठवडाभर त्यांनी ब्युटिरेटला हात लावला नाही, आणि त्या सकाळी कुटतानाही ठरवलं की ती बाटली अगदी शेवटी उघडायची, म्हणजे हाताला कमी लागेल. बसची वेळ होत आली. बाटली उघडायची राहूनच गेली.

"हळदीला सगळ्यांनी मला पुढं बसवलं," मॅडम म्हणाल्या. "पंगतीत मधी बसलो. कुणी सरकलं न्हाय. एका बाईनं तर लेकरू माझ्या मांडीवर दिलं. मला वाटलं, नवा साबण चांगला हाय." त्यांनी वही मिटली. "तवाच कळायला पायजे हुतं बघ."

सकाळी अंगाला वास लागला नव्हता, म्हणून त्यांना माणसांत जागा मिळाली होती. आणि वास लागला नव्हता तो द्रावणात ब्युटिरेट नव्हतं म्हणून. मला त्या क्षणी त्यांच्यासाठी रडू यायला हवं होतं. खरं सांगते, मला माझी मुलाखत आठवली.

तरी त्यांनी खात्री केली. त्या जुन्या उसाचे गोठवलेले तुकडे उरले होते, ते ब्युटिरेट घालून पुन्हा कुटले. तीन दिवसांनी फिल्म बाहेर आली. दोन्ही रेघा सारख्या काळ्या.

मी म्हणाले, "मॅडम, कुणाला कळणार आहे? निबंध छापून झाला. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय तुमच्या. आणि माझं..."

"मला कळलं की," त्या म्हणाल्या.

मी चिडले. इतकी वर्षं तो वास अंगावर वागवून मला काय मिळालं, असं काहीतरी बोलले. शेवटी हेही म्हणाले, की तुमच्या भावजयीचं बरोबरच होतं. हे वाक्य मला अजून रात्रंदिवस छळतं. मॅडमनी ऐकून घेतलं. डबा उघडला, अर्धी भाकरी काढून माझ्या बाजूला ठेवली, आणि नियतकालिकाला पत्र लिहायला बसल्या. मी भाकरीला हात न लावता उठले.

निबंध मागे घेतला गेला. पत्रात त्यांनी चूक स्वतःची आणि एकटीची असल्याचं लिहिलं. त्या गावालाही गेल्या. मला हे शिवामामांनी सांगितलं, ते सोबत गेले होते. चावडीपाशी लोक जमवून मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी सांगितल्यालं चुकलंय. त्या उसाचं बेणं म्हणून जादा भरोसा धरू नगासा." एक म्हातारा म्हणाला, "मग आप्पा खोटं बोलायचं काय?" मॅडम म्हणाल्या, "आप्पा चुकलं का न्हाय, म्हाईत न्हाय. मी चुकलो, एवढं म्हाईत हाय." भावाने घरात नेऊन विचारलं, "अक्का, शाल घेताना न्हाय कळलं व्हय?" चहा झाला आणि त्या त्याच बसने परत आल्या.

विभागात खुर्ची पुन्हा खिडकीशी गेली, आता वासाचं निमित्तही लागलं नाही. माझा प्रबंध त्यांनी उसातून हिस्टोन काढण्याच्या पद्धतीवर वळवून पुरा करून घेतला. एकेक वाक्य तपासलं. मला नोकरी लागली. त्यांच्या निरोप समारंभाला मी गेले नाही. परीक्षा होत्या, असं कारण कळवलं. परीक्षा खरंच होत्या, पण एका दिवसाची रजा मिळाली असती.

त्याला आता सात वर्षं झाली. माझी स्वतःची छोटी प्रयोगशाळा आहे, आणि माझ्या फ्रीझरमध्येही उरलेल्या द्रावणाच्या तारखा घातलेल्या बाटल्या आहेत. विद्यार्थी हसतात. घरी माझ्या मुलीने माझा टॉवेल वाळत घालायची दोरी वेगळी केलीय. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते, ती कशी राहते ते मला आता कळतं.

मागच्या हिवाळ्यात तोंडी परीक्षा घ्यायला कोल्हापूरला गेले होते. परत निघताना दुपारी स्टँडवर गाडीची वाट बघत असताना समोरच्या बाकावर मॅडम दिसल्या. बारीक झालेल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात डोळ्यांच्या डॉक्टरांची फाईल. बाकाच्या अगदी टोकाला बसल्या होत्या, शेजारी दोन माणसांची जागा सोडून. आता त्यांच्या अंगाला कसलाही वास नसणार, सात वर्षांत तो कधीच गेला असणार. पण अंग चोरून टोकाला बसायची सवय राहिली होती. मला वाटलं, निघून जावं. बघितलंच नाही, असं करावं. मी पाय वळवलाही होता. मग जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डोळ्यांत औषध घातलेलं, दिसत नसावं. थोड्या वेळाने त्यांची मान वर झाली. त्यांनी श्वास ओढून घेतला. एकदा, आणि पुन्हा एकदा. आदल्या दिवशी मी नमुने कुटले होते, आणि सकाळी अर्धी बाटली अत्तर ओतूनही तो वास गेला नव्हता.

"कोण गं?" त्या म्हणाल्या. मग हळूच, "कोकण?"

मी हात पुढे केला. त्यांनी तो चाचपडत धरला, नाकाशी नेला.

"आधी घालतीस का शेवटी?"

"आधी, मॅडम. सगळ्यात आधी. मग टिक करते."

"बेस," त्या म्हणाल्या. हात सोडला नाही.

मी त्यांची माफी मागितली. तयारी केलेली वाक्यं होती, ती सगळी विसरले आणि फक्त "त्या दिवशी मी बोलले ते" एवढंच म्हणाले. त्या म्हणाल्या, "भाकरी टाकून गेलतीस. त्येवढं लागलं." आणि विषय संपवला. गावी भावाच्या घराच्या मागच्या खोलीत राहतात, स्वयंपाक वेगळा करतात, असं कळलं. बाकी मी विचारलं नाही.

शिरोळची गाडी लागली. मी त्यांना धरून चढवलं, खिडकीशी बसवलं आणि गाडी सुटेपर्यंत शेजारी बसून राहिले. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पदर नाकाला लावला. मॅडमना ते दिसलं नाही, पण कळलं. त्या तोंड भरून हसल्या. सहा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"तू उतर आता," त्या म्हणाल्या, "न्हायतर बिचारी उभी ऱ्हाईल."

मी उतरले. गाडी मागे आली, वळली. खिडकीत त्या दिसत होत्या, शेजारची जागा रिकामीच होती. ज्या तळव्याने माझा हात धरला होता, तो त्यांनी नाकाशी नेला होता, आणि गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत तो तिथेच होता.